चकतीनिर्णयसिंधू

कॅमेऱ्याच्या माथ्यावर जी दातेरी चकती बसवलेली असते, तिच्यावर ‘पी’, ‘एस’, ‘ए’ आणि ‘एम’ अशी अक्षरे कोरलेली असतात. कॅननच्या कॅमेऱ्यांवर यांपैकी मधल्या दोघांच्या जागी ‘टीव्ही’ आणि ‘एव्ही’ आढळतात, व त्या ‘टीव्ही’चा दूरचित्रवाणीशी संबंध नसून तो काळाच्या मापाचा संक्षेप आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुराशी ज्याचे जुने नाते आहे, त्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ते शतकानुशतके परक्या नजरेपासून राखले. कॅमेरे बनवणाऱ्यांनी तेच काम चार अक्षरांत भागवले आहे. परिणामी लग्नसराईच्या तोंडावर नवा कॅमेरा घेतलेला अकोल्याचा वा अमरावतीचा होतकरू छायाचित्रकार त्या चकतीपुढे, एकादशी दोन दिवशी आल्यावर व्रतस्थ गृहस्थ पंचांगापुढे बसतो, तसा हताश बसतो. त्या गृहस्थासाठी कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधू’ सिद्ध केला. छायाचित्रकाराची अशी सोय कोणी न केल्याने ‘ए’ घ्यावा की ‘एम’, एवढ्यापुरता निर्णय येथे अधिकारी, काल आणि प्रायश्चित्त या क्रमाने मांडला आहे.

प्रथम परिभाषा. भिंगातून आत येणाऱ्या प्रकाशासाठी जे लहानमोठे करता येणारे छिद्र असते, त्यास अ‍ॅपर्चर म्हणतात; पडदा जितका वेळ उघडा राहतो, त्या वेळेस शटरगती म्हणतात; आणि आत आलेल्या प्रकाशाचा संकेत किती वाढवून घ्यायचा हे ज्या आकड्याने ठरते, तो आयएसओ. पावसाळ्यात मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाच्या बातम्या वाचणाऱ्यास हे निराळे समजावण्याची गरज नाही, कारण १३ दारांपैकी किती दारे किती सेंटिमीटरने उघडली आणि ती किती तास तशीच ठेवली, यावरून खाली किती पाणी गेले असेल याचा अंदाज तो चहा संपण्याआधी बांधतो. दाराची उघडीप म्हणजे अ‍ॅपर्चर आणि ते तास म्हणजे शटरगती. मात्र धरणाचा अभियंता जे कधी करणार नाही ते भिंगवाल्यांनी केले आहे: छिद्र जितके मोठे, तितका त्याचा आकडा लहान. एफ २.८ म्हणजे भगदाड आणि एफ १६ म्हणजे चाळणीचे भोक, कारण हा आकडा भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून आलेला असतो. एफ ४ वरून एफ ५.६ वर गेल्यास प्रकाश निम्मा होतो, तेथून एफ ८ वर गेल्यास पुन्हा निम्मा, आणि अशा एका निमपटीस वा दुपटीस धंद्यातले लोक ‘स्टॉप’ म्हणतात. ‘ए’मध्ये छिद्र माणूस ठरवतो आणि त्याला जुळेल अशी शटरगती कॅमेरा लावतो, ‘एम’मध्ये दोन्ही माणूस ठरवतो आणि बिघडल्यास खापर फोडायला कोणी उरत नाही. ‘एस’ आणि ‘पी’ यांचा विचार येथे केलेला नाही, कारण त्यांच्यावरून कोणी भांडत नाही.

अधिकाराविषयी सर्वाधिक ऐकू येणारे मत असे की, खरा छायाचित्रकार ‘एम’ सोडून कशालाही हात लावत नाही. या मताला इतिहासाचा आधार आहे, परंतु तो आधार मत मांडणाऱ्यांना फारसा सोयीचा नाही. १९७६ साली बाजारात आलेल्या पेंटॅक्स के-१००० सारख्या कॅमेऱ्यात हाताने लावण्याखेरीज दुसरा मार्गच नव्हता. त्यामुळे त्या काळचे उस्ताद हाताने कॅमेरा लावीत ते, मूर्तिजापूरहून रेल्वेने अचलपूरला निघालेला उतारू ज्या निष्ठेने ‘शकुंतला’ या एकुलत्या गाडीत बसे, त्याच निष्ठेने. छिद्रप्राधान्य म्हणजे ‘ए’ आणि शटरप्राधान्य म्हणजे ‘एस’, हे दोन्ही एकाच कॅमेऱ्यात मिनोल्टाच्या एक्सडी मालिकेने १९७७ साली आणले, आणि निवडीचा प्रश्न, व त्याबरोबर निवडीचा अहंकार, साधारण तेव्हापासूनचा मानावा लागतो.

‘एम’पंथीयाचे जवळून निरीक्षण केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. कॅमेऱ्याच्या दर्शकात खालच्या कडेला एक छोटी मोजपट्टी असते, तिच्या मध्यावर शून्य असते, आणि हा साधक डोळा बारीक करून, अंगठ्याने चाक टकटक फिरवीत काटा बरोबर शून्यावर आणतो; नवरदेव घोड्यावरून उतरून मांडवात शिरेपर्यंत हा विधी चालू असतो. काटा शून्यावर आणणे हे ‘ए’मध्ये कॅमेरा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. तेव्हा काटा शून्यावर आणल्याशिवाय बटण न दाबणारा ‘एम’पंथीय हा वस्तुतः ‘ए’पंथीयच होय, फरक इतकाच की कॅमेऱ्याची नोकरी तो बिनपगारी करतो. आणखी एक पोटभेद असा की, ‘एम’ लावून आयएसओ मात्र स्वयंचलित ठेवायचा आणि मग सर्व काही आपल्या हाती असल्याचे सांगायचे. पुढच्या दाराला कुलूप घालून मागची खिडकी उघडी टाकणाऱ्यास जितके निर्धास्त म्हणता येईल, तितकेच यास स्वतंत्र म्हणता येते.

आता त्या शून्याचाच विचार केला पाहिजे, कारण सगळा घोळ तेथे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर काय आहे हे मुळात ठाऊक नसते, म्हणून त्याने एक सोयीची श्रद्धा धरली आहे: सारे जग सरासरीने मध्यम राखाडी असून, आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवते. गवत, विटा, रस्ता, सावळे चेहरे यांच्या सरमिसळीत ही श्रद्धा बरीच खरी ठरते. परंतु वऱ्हाडात वावर काळे आणि पीक पांढरे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटली, की भेगाळलेल्या काळ्या मातीवर पांढऱ्या कापसाचा पसारा दिसतो आणि वेचणीच्या आरंभी सीतादहीच्या पूजेला पऱ्हाटीच्या बुडाशी ठेवलेला दहीभातही पांढराच असतो. या प्रदेशात राखाडी म्हणावे असे चुलीतल्या राखेखेरीज फार थोडे सापडते. अशा ठिकाणी ‘ए’ लावून जिनिंगच्या आवारातील कापसाच्या गंजीवर कॅमेरा रोखला, तर मापक एवढा उजेड पाहून घाबरतो, पडदा लवकर मिटतो आणि गंजी राखेच्या रंगाची येते. पहिल्या वेचणीचा स्वच्छ माल छायाचित्रात डागी कवडी मिसळल्यासारखा दिसू लागतो, आणि ज्या बाजारात भाव ठरताना धाग्याच्या लांबीइतकाच रंग पाहिला जातो, तेथे हे चित्र व्यापाऱ्याच्या हाती पडू न देणेच हिताचे. उलट काळी म्हैस वा नांगरलेले काळे रान समोर आले, की तोच मापक अंधार झाला असे समजून पडदा रेंगाळत ठेवतो, आणि काळी कसदार जमीन मुरमाड दिसू लागते.

यावरून निर्णय असा निघतो: प्रकाश स्थिर असून समोरचा विषय क्षणोक्षणी काळ्याचा पांढरा होत असेल, तर ‘एम’ घ्यावा, विषय सर्वसाधारण असून प्रकाशच चंचल असेल, तर ‘ए’ घ्यावा. वेचणीच्या दिवशी भर दुपारी आकाश निरभ्र असते, सूर्य जागचा फारसा हलत नाही, आणि ऊन ओट्यातल्या कापसावर, मातीवर व वेचणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर सारखेच पडते. तेव्हा जुन्या रोळाच्या खोक्यावर छापून येणारा सोळाचा नियम, म्हणजे लख्ख उन्हात एफ १६ धरून आयएसओच्या आकड्याइतका सेकंदाचा भाग हा नियम, येथे आजही चालतो: आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा त्याच हिशेबाने दोन स्टॉप छिद्र मोठे करून एफ ८ ला चारशेवा भाग. हे एकदा लावून कापूस, माती, बाई यांपैकी कोणाकडेही वळावे. जे जसे आहे ते तसे येते. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला म्हणून हा हिशेब बदलू नये. अकोल्याचा उन्हाळा हा अकोलेकरांच्या दृष्टीने कितीही असाधारण असला, तरी मापक उजेड मोजतो, घाम नव्हे. फक्त काळा कॅमेरा हातात धरवेनासा झाल्यास डोक्याचा दुपट्टा सोडून त्यावर टाकावा.

कालनिर्णयात मेळघाटाचे प्रकरण सर्वांत सोपे आहे. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले त्यांत हे जंगल होते. सेमाडोह-कोलकासच्या बाजूला सागाच्या रानातून जिप्सी जाते तेव्हा दर वीस पावलांवर ऊन आणि सावली यांची अदलाबदल होते, अशा वेळी ‘एम’ची चाके फिरवीत बसणाऱ्यास रानगव्याचे पार्श्वभाग तेवढे मिळतात. तेथे ‘ए’, एफ ५.६, आणि बोट बटणावर. वाघाविषयी वेगळा नियम देण्याची आवश्यकता नाही, कारण मेळघाटचा वाघ ताडोबाच्या वाघासारखा भिडस्त नसून तो बहुधा दर्शनच देत नाही. चिखलदऱ्याच्या धुक्यालाही ‘ए’च योग्य, कारण तेथे भीमकुंड दिसते-न दिसतेपर्यंत उजेड तीनदा बदलतो, पण धुके हा हवेतला कापूसच समजावा आणि पुढे सांगितलेले प्रायश्चित्त घ्यावे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे येणाऱ्या कावडींचे प्रकरण मात्र कठीण आहे. रस्त्यावर कोठे दिव्यांचा झगमगाट, कोठे नुसता काळोख, आणि खांद्यावरची भरणी हेलकावत पुढे जाणारी. येथे ‘ए’ची एक खोड उघडी पडते: उजेड कमी पडला की तो काही न बोलता शटर मंदावत नेतो, सेकंदाच्या आठव्या भागावर येतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर चार भोयांना मिळून अकरा खांदे. म्हणून ‘एम’ लावावा, छिद्र भिंग देईल तितके मोठे ठेवावे, शटर एकशेसाठाव्या भागाखाली जाऊ देऊ नये, आणि आयएसओ स्वयंचलित सोडावा. वर ज्याची निंदा केली तोच येथे विहित सांगितला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु अपवाद नसते तर शास्त्र सर्वांनाच कळले असते आणि शास्त्र्यांचे पोट कशावर चालले असते?

प्रायश्चित्त म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन: अधिक-उणे चिन्ह असलेले बटण दाबून ‘ए’च्या श्रद्धेत केलेली दुरुस्ती. कापूस, धुके, दही यांना अधिक एक ते अधिक दोन स्टॉप. काळी माती, म्हैस, रानगवा यांना उणे एक. पातक घडण्याआधीच घ्यावयाचे असे हे एकमेव प्रायश्चित्त असून, ते काम झाल्यावर पुन्हा शून्यावर न आणणे हे स्वतंत्र पातक होय. सकाळी गंजीसाठी लावलेले अधिक दोन संध्याकाळी विहिणींच्या पंगतीवर लागू झाल्याची उदाहरणे दर हंगामात घडतात.

राहता राहिला लग्नाचा रंगमंच. नवरानवरीच्या पाठीमागे एलईडीची भिंत असते, तिच्यावर मोर, कारंजे आणि वधूवरांची नावे आळीपाळीने उमटतात, आणि ‘ए’ला प्रत्येक मोरागणिक नवा साक्षात्कार होऊन नवरीचा चेहरा कधी उजळ, कधी काळवंडलेला येतो. शिवाय आपल्याकडील विजेवर साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंदावतात-उजळतात, त्यामुळे शटर फार जलद झाल्यास चित्रावर आडवे पट्टे उमटतात. येथे ‘एम’, एफ ४, शंभरावा भाग, ठरावीक आयएसओ. एकदा चाचणी घेऊन लावावे आणि मंगलाष्टके संपेपर्यंत चकतीला हात लावू नये, मग व्हिडिओवाल्याने मध्येच आपला दिवा पेटवला तर त्याच्याकडे नुसते पाहावे.

इतक्या निर्णयांती जे छायाचित्र तयार होते ते आठवड्याने स्टुडिओत जाते. तेथे वधूकडील एखादी मावशी टेबलावर वाकून पडद्यावर बोट ठेवते आणि “पोरीचं तोंड थोडं गोरं करा नं भाऊ” असे सांगते; ऑपरेटर माउसने एक पट्टी उजवीकडे ओढतो, ‘ए’ आणि ‘एम’ दोघेही एकदमच रद्द होतात, चेहरा धुतल्यासारखा होतो आणि त्याबरोबर शालूची जर पांढरी पडून दिसेनाशी होते. शालू वराकडून आलेला असल्याने त्यापुढचा निर्णय दोन्हीकडच्या व्याह्यांनी करावयाचा असतो.