जावईबापू वूचला निघाले

बहुराष्ट्रीय कंपनी एखाद्या गावात येत नसते, तिला आणलेलं असतं. जावई आणतात तसं. जमीन द्यायची, रस्ता फाटकापर्यंत करून द्यायचा, वीज-पाण्यात मानपान सांभाळायचा, करात सूट द्यायची आणि वर 'आमच्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या' म्हणून हात जोडायचे. जावई मुरला, पोराबाळांचा झाला, की सासरवाडीला वाटू लागतं, आता हा आपलाच. जावयाला मात्र पक्कं ठाऊक असतं की त्याची बॅग कधीच पूर्ण उघडलेली नाही.

शॅनन नदीकाठच्या लिमरिक या आयरिश शहराला असा एक जावई लाभला होता. मायकेल डेल यांनी १९८४ साली टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीत १,००० डॉलरवर कंपनी काढली आणि १९९१च्या सुमारास तिचा युरोपातला कारखाना लिमरिकच्या राहीन औद्योगिक वसाहतीत सुरू झाला. त्या वेळचा आयर्लंड म्हणजे सासुरवाडीचा आदर्श नमुना. पोरं शिकलेली, इंग्रजी बोलणारी आणि बेकार. कारखानदारीवर कर अवघा १० टक्के. अमेरिकन जावयाला आणखी काय हवं?

जावयाने पांग फेडले, हे कबूल करायला हवं. पुढे एकेकाळी लिमरिकमध्ये तीन हजारांच्या आसपास माणसं कामाला होती, आणि देशाच्या सकल उत्पन्नाचा सुमारे ५ टक्के वाटा या एका कंपनीच्या उलाढालीशी जोडलेला आहे असा हिशोब तेव्हा मांडला जाई. एका जावयाच्या जिवावर घराचा विसावा हिस्सा! अशा घरात जावई नुसता शिंकला तरी सासूबाई हळद-दूध घेऊन धावतात.

आता या कारखान्याची खुबी पाहा. डेलची सगळी कीर्ती 'साठा ठेवायचा नाही' यावर उभी होती. गिऱ्हाईक फोनवरून, नंतर इंटरनेटवरून सांगणार: एवढी मेमरी, एवढी हार्डडिस्क, अमुक स्क्रीन. मग जवळच्या पुरवठादारांच्या गोदामांतून तेवढेच भाग मागवायचे. ते ट्रेमध्ये घालून कामगारापुढे येणार. तो मदरबोर्ड बसवणार, मेमरी दाबून 'टक' आवाज येतो का ऐकणार, चार स्क्रू आवळणार, आणि मशीन चाचणीला पुढे. त्यात सॉफ्टवेअर भरलं, खोक्याला चिकटपट्टी लागली, की माल ट्रकमध्ये. कंपनीजवळ शिलकी माल असायचा तो चार-पाच दिवसांचा. जगभरच्या मॅनेजमेंट कॉलेजांत या कौशल्याचे पोवाडे गायले जात. ते गाताना एक साधी गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नव्हतं: ज्याच्याकडे भरलेलं गोदाम नाही, त्याला घर हलवायला टेम्पोही लागत नाही. जो सुट्टा भाग पाच दिवसांपलीकडे जवळ ठेवत नाही, तो माणूस वीस वर्षं ठेवील हा भरवसा लिमरिककरांनी कशाच्या जोरावर धरला, देव जाणे. आणि कंपनी युनियनला मान्यता देत नसल्यामुळे शंका विचारायची कुणी आणि कुणाला, हाही प्रश्नच होता.

भीतीला नेमकी तारीख असते. सप्टेंबर २००६ मध्ये डेलने पोलंडमध्ये नवा कारखाना काढायचं जाहीर केलं. शहराचं नाव वूच. (पोलिश लिपीत ते असं काही लिहितात की आपण 'लोड्झ' वाचावं आणि पोलिश माणसाने कपाळावर हात मारावा.) हे एकेकाळचं कापडगिरण्यांचं शहर. कम्युनिस्ट राजवट गेली, पूर्वेकडची बाजारपेठ बुडाली, गिरण्यांची धुरांडी थंड झाली आणि शहरभर बेकारी पसरली. पुढचं लालबाग-परळकरांना समजावून सांगायला नको. थोडक्यात, १९९१च्या लिमरिककडे जे जे होतं ते सगळं वूचकडे होतं, आणि पगार कितीतरी कमी.

अशा वेळी म्हणायचा मंत्र जगात सगळीकडे एकच आहे: नवा कारखाना वाढत्या मागणीसाठी आहे, जुन्याला धक्का लागणार नाही. वडीलधाऱ्यांनी मान डोलवायची, तरुणांनी गृहकर्जाचे हप्ते मोजायचे. जानेवारी २००७ मध्ये मायकेल डेल पुन्हा कंपनीच्या गादीवर बसले, मे महिन्यात जगभरातली १० टक्के माणसं कमी करायचं जाहीर झालं, आणि जानेवारी २००८ मध्ये वूचचा कारखाना सुरूही झाला. तरी धक्का लागणार नव्हताच! आयरिश माणूस या बाबतीत अडाणी होता असंही नाही. १९९३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीने गॉलवेतलं संगणक-उत्पादन बंद करून ते स्कॉटलंडमधल्या एअरला नेलं होतं. गेटवे कंपनीने २००१ मध्ये डब्लिनच्या कारखान्याला कुलूप ठोकलं होतं. पण दुसऱ्याचा जावई पळाला, की आपला त्याच्यापेक्षा गुणी असं वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे.

यातली खरी मजा वेगळीच. पोलंड २००४ मध्ये युरोपीय संघात आल्यावर हजारो पोलिश तरुण कामासाठी आयर्लंडला आले होते. लिमरिकमध्येही त्यांची मोठी वस्ती झाली, पोलिश दुकानं निघाली, चर्चमध्ये पोलिश प्रार्थना होऊ लागली. म्हणजे पोलिश माणूस कामाच्या शोधात वूचहून लिमरिकला येतो आणि काम त्याच वेळी लिमरिकहून वूचला जातं. वाटेत कुठेतरी विमानतळावर दोघांची नजरानजर झाली असेल का?

८ जानेवारी २००९ रोजी नारळ मिळाला. लिमरिकमधल्या १,९०० नोकऱ्या वर्षभरात टप्प्याटप्प्याने जाणार आणि उत्पादन वूचला हलणार. कंपनीला वर्षाकाठी ३ अब्ज डॉलर वाचवायचे होते, त्या मोठ्या यज्ञातली ही एक समिधा. हजारेक माणसं राहणार होती, पण संगणक जोडण्याच्या कामावर नव्हे. भाग पुरवणारे, ट्रकवाले, सफाईवाले यांचं काय, हे ज्याचं त्याने पाहायचं.

इथून पुढे गोष्ट ब्रसेल्सला जाते, आणि उपहासकाराने हात जोडून बाजूला व्हावं इतकी ती स्वयंपूर्ण होते. सप्टेंबर २००९. आयर्लंडमध्ये लिस्बन कराराचं दुसरं सार्वमत २ ऑक्टोबरला व्हायचं होतं. पहिल्या वेळी मतदार 'नाही' म्हणाले होते, म्हणून त्यांना पुन्हा विचारण्यात येत होतं. मतदानाला पंधरवडा उरला असताना युरोपीय आयोगाचे अध्यक्ष बारोसो लिमरिकला आले. डेल आणि तिच्या पुरवठादारांकडच्या नोकऱ्या गेलेल्या २,४०० जणांच्या प्रशिक्षणासाठी १ कोटी ४८ लाख युरोंची मदत त्या वेळी जाहीर झाली. जागतिकीकरणाचा फटका बसलेल्यांसाठी असलेल्या खास निधीतून. छान. त्याच महिन्यात त्याच आयोगाने आणखी एका कागदाला मंजुरी दिली: पोलंड सरकारने डेलच्या वूचमधल्या कारखान्याला ५ कोटी ४५ लाख युरोंचं साहाय्य द्यायला आमची हरकत नाही, सगळं नियमात बसतं. त्या कारखान्यातून ३,००० पर्यंत रोजगार अपेक्षित होते.

भागाकार करून पाहा, कॅल्क्युलेटरही लागणार नाही. येणाऱ्या नोकरीमागे अठरा हजार युरोंच्या वर, गेलेल्या माणसामागे सहा हजारांच्या वर. जवळजवळ तिप्पट फरक. पुरोहित एकच. उजव्या हाताने बोहल्यावर अक्षता टाकतोय, डाव्या हाताने शेजारच्या मांडवात सांत्वनाची पाकिटं वाटतोय. आयरिश मतदारांनी २ ऑक्टोबरला 'हो' म्हटलं, ६७ टक्क्यांनी. पाकीट पोचलं म्हणायचं.

बरं, वूचकरांनी तरी जावई मिरवावा, तर तोही योग नव्हता. साहाय्याला मंजुरी मिळून तीन महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबर २००९ मध्ये डेलने वूचचा कारखाना तैवानच्या फॉक्सकॉनला विकायचा करार जाहीर केला. डेलचे संगणक तिथेच बनणार, पण घरजावई बदलला. मांडवाचा खर्च एकाच्या नावाने आणि पंक्तीला बसलेला दुसराच.

या सगळ्या वऱ्हाडात शहाणं निघालं ते अमेरिकेतलं विन्स्टन-सेलम. नॉर्थ कॅरोलायना राज्याने आणि तिथल्या स्थानिक संस्थांनी मिळून सुमारे २८ कोटी डॉलरपर्यंतच्या सवलतींचं ताट मांडलं, ऑक्टोबर २००५ मध्ये डेलचा कारखाना उघडला, आणि बरोबर चार वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, तो बंद करायची घोषणा झाली. ९०५ नोकऱ्या गेल्या. पण तिथल्या शहराने आणि काउंटीने करारात एक कलम घालून ठेवलं होतं: ठरल्याप्रमाणे नांदला नाहीस तर दिलेलं परत. डेलने ते पैसे मुकाट्याने परत केले. जावयाला आंदणात दिलेली घागर दारात उभं राहून मागून घेण्याचं धैर्य त्या म्युनिसिपालिटीत होतं! माझ्या मते या साऱ्या प्रकरणात पुतळा कुणाचा उभारायचाच झाला, तर तो त्या कलमाचा मसुदा लिहिणाऱ्या वकिलाचा.

फॉक्सकॉन म्हटल्यावर तळेगावच्या बाजूला कुणाचे कान टवकारले गेले असतील तर ते साहजिक आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये याच फॉक्सकॉनने महाराष्ट्राशी ५ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला होता. हार घातले गेले, फोटो निघाले, रोजगाराचा आकडा ५० हजारांवर गेला. त्या जावयाला दिवाळसणाला बोलावणं गेलं, पण तो आला नाही. मग २०२२ मध्ये वेदांतचा हात धरून तो तळेगावच्या वेशीपर्यंत आला असं सांगतात, आणि सप्टेंबरात कळलं की वऱ्हाड गुजरातेत उतरलं. १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प. मग काय विचारता! आंदोलनं झाली, पत्रकार परिषदा झाल्या. आधीचं सरकार म्हणे, आम्ही बैठक जमवली होती, तुम्ही मोडलीत. नवं सरकार म्हणे, तुम्ही मानपानच नीट ठरवला नव्हता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने वेदांतचा हात सोडला आणि त्या भागीदारीतला कारखाना ना तळेगावला झाला ना गुजरातेत.

लिमरिककरांनी निदान वीसेक वर्षं जावयाच्या हातचा पगार घेतला, मग रडले. आम्ही लग्नाआधीच्या रुसव्यावर वर्षभर छाती पिटली, आणि त्या वर्षात सवलतींच्या करारात परतफेडीचं कलम घालायचं का, एवढा एकच विषय कुठल्या पत्रकार परिषदेत ऐकल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलंच, तर उद्योगखात्यातून काय उत्तर येईल तेही सांगून ठेवतो: अहो, पाहुणे अजून चहा पितायत, आत्ताच कुठे भांड्यांची यादी काढता!