बेन जॉन्सनचे बूट

आपल्यामागे लोकांनी आपल्याबद्दल काय बोलावे, याची तजवीज बेन जॉन्सनइतकी क्वचितच कुणी केली असेल. १६१६ साली, चव्वेचाळिशीत, त्याने आपली नाटके, कविता आणि राजदरबारासाठी लिहिलेले ‘मास्क’ नावाचे नाट्यसोहळे एकत्र केले, जातीने लक्ष घालून एका भल्याथोरल्या ग्रंथात छापून घेतले आणि वर नाव घातले ‘वर्क्स’. तेव्हाच्या लंडनमध्ये नाटक ही दुपारी बघून संध्याकाळी विसरायची गोष्ट. ग्रंथ असायचे ते व्हर्जिल-होरेससारख्या मंडळींचे. त्यामुळे टिंगल झालीच. बाकीचे नाटके लिहितात, हा म्हणे वाङ्मय लिहितो! जॉन्सनने मनावर घेतले नाही. सात वर्षांनी शेक्सपिअरची नाटके तशाच मोठ्या आकारात निघाली, तेव्हा वाट जॉन्सनने मळून ठेवलेली होती. त्या ग्रंथाला प्रशस्तीची कविताही त्यानेच लिहून दिली. आज त्याचे नाव बहुतेकांना ठाऊक असते ते त्या कवितेमुळे. दैव असे विनोद नेहमी करते, पण एवढ्या नेमकेपणाने क्वचितच.

आपल्याकडे आगरकरांनी हॅम्लेटचा ‘विकारविलसित’ केला, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. जॉन्सन मात्र बव्हंशी इंग्रजीच्या एम.ए.च्या वर्गापर्यंत आला आणि तिथेच बाकावर बसून राहिला. ‘व्होल्पोनी’ आणि ‘दि अल्केमिस्ट’ ही त्याची नाटके खरे तर आपल्याला परकी वाटू नयेत. मरणाचे सोंग घेऊन पडलेला श्रीमंत गृहस्थ आणि वारसा मिळेल या आशेने त्याला भेटवस्तू आणून देणारे हितचिंतक, किंवा लोखंडाचे सोने करून देतो म्हणणारा भामटा आणि त्याच्या दारी रांग लावणारी शहाणी माणसे. हे समजायला तळटिपा लागत नाहीत.

पण मला त्याच्या नाटकांपेक्षा त्याचे बूट जास्त आवडतात.

१६१८च्या जुलैत हा गृहस्थ लंडनहून एडिंबरोला पायी निघाला. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे आळंदी-पंढरपूर वाटेच्या अडीचपट. वय सेहेचाळीस. वजनाचे म्हणाल तर एका कवितेत त्याने स्वतःच ते वीस स्टोनांना दोन पौंड कमी असे सांगितले आहे, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. वाटेत डार्लिंग्टनला त्याने नवे बूट घेतले. त्याच उन्हाळ्यात जॉन टेलर नावाचा थेम्सवरचा नावाडी-कवीही खिशात दमडी न घेता स्कॉटलंडला पायी निघाला होता. आपली नक्कल करायला याला मुद्दाम पाठवला आहे, असा जॉन्सनला दाट संशय. पुढे लीथ बंदरात दोघे भेटले, तेव्हा मात्र त्याने टेलरच्या हातावर बावीस शिलिंगांचे सोन्याचे नाणे ठेवले आणि माझ्या नावाने पी म्हणून सांगितले. संशय आणि दिलदारी एकाच खिशात बाळगणारी माणसे असतात.

एडिंबरोने त्याला मानाचा नागरिक करून घेतले, मेजवानी दिली. नाताळाच्या सुमारास तो शहराजवळच्या हॉथॉर्नडेनला विल्यम ड्रमंड या कवीच्या घरी उतरला आणि काही आठवडे बोलत राहिला. ड्रमंडने दोनच कामे केली असावीत : पाहुण्याचा पेला भरणे आणि नंतर ऐकलेले टिपून ठेवणे.

त्या टिपणांत काय नाही! शेक्सपिअरला कलेची जाण कमी, हे आहे. त्याने एका नाटकात बोहेमियात जहाज फोडले, जिथून समुद्र कोसोगणती लांब, हेही आहे. गेब्रिएल स्पेन्सर या नटाशी १५९८ साली झालेले द्वंद्वयुद्ध आहे. त्यात स्पेन्सर मेला, आणि त्याची तलवार आपल्यापेक्षा दहा इंच लांब होती, हे सांगायला जॉन्सन विसरला नाही. फाशीच व्हायची, पण लॅटिन वाचता येणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात धर्मगुरूंसारखी सवलत मिळे. याने बायबलचे कडवे वाचून दाखवले आणि अंगठ्यावर डागणी घेऊन घरी आला. शिक्षणाचा माणसाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांसाठी हा दाखला राखून ठेवावा.

पुढे ‘ईस्टवर्ड हो’ नाटकात स्कॉटिश लोकांची थट्टा केली म्हणून १६०५ साली पुन्हा तुरुंग. नाक-कान कापणार अशी आवई होती. सुटल्यावर त्याने मित्रांना जेवण दिले. त्या पंगतीत म्हाताऱ्या आईने एक पुडी काढून दाखवली. शिक्षा झालीच असती तर तुरुंगात त्याच्या पेयात कालवायला आणलेले ते विष होते, आणि आधी ती स्वतः पिणार होती. जॉन्सनच्या कुठल्याही नाटकात असा प्रवेश मला सापडलेला नाही. ही बाई कुठून आली होती, तिचा मुलगा असा का झाला, हे त्या एका पुडीने कळते.

आणि तो अंगठा! डागलेला नव्हे, पायाचा. एका रात्री झोप येईना तेव्हा तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत पडून राहिला, आणि त्याच्याभोवती तार्तर-तुर्क, रोमन-कार्थेजियन यांच्या लढाया चाललेल्या त्याला दिसल्या. हे त्याने ड्रमंडला सांगितले आणि त्या भल्या माणसाने तेही लिहून ठेवले. शेवटी यजमानाने आपला अभिप्रायही नोंदवला. त्याचा आशय असा, की हा स्वतःवर फार खूश, दुसऱ्यांना तुच्छ लेखणारा, आणि कोटी सोडण्यापेक्षा मित्र सोडणे पत्करणारा. पाहुण्याची दारूही ड्रमंडने या वर्णनात मोजली आहे. कितीही झाले तरी ती यजमानाच्याच तळघरातली.

जानेवारी १६१९ मध्ये जॉन्सन परत निघाला, तेव्हा पायात तेच डार्लिंग्टनचे बूट होते. ते तिथवर परत न्यायचा त्याचा बेत असल्याचे टिपणात आहे. ‘वर्क्स’च्या हजार पानांत त्याने जे दिसू दिले नाही, ते या बुटांत दिसते.

त्याने या प्रवासावर स्वतः काव्य लिहिले होते. ते १६२३ साली त्याच्या घराला आग लागली त्यात पुस्तकांबरोबर जळून गेले. आगीच्या देवाला शिव्या देणारी कविता त्याने लिहिली, पण गेलेले काव्य काही परत लिहिले नाही. उरले ते ड्रमंडचे टिपण. आणि आणखी एक. त्या वाटेवर त्याच्याबरोबर एक तरुण सोबती चालत होता, आणि तो रोजनिशी ठेवत होता! कुठे मुक्काम, कोणी जेवू घातले, गावकरी कसे सामोरे आले, सगळे. ही वही चेस्टरच्या दप्तरखान्यात एका घराण्याच्या जुन्या कागदांत पडून होती. या शतकात जेम्स लॉक्सली या अभ्यासकाच्या हाती ती लागली आणि २०१५ साली छापून निघाली. वहीवर लिहिणाऱ्याचे नाव नाही. सव्वाशे किलोंच्या कीर्तीशेजारून तो मुलगा एवढा चालला आणि स्वतःचे नाव लिहायचे राहून गेले.

जॉन्सनचे नाव तरी कुठे धड राहिले? आडनावातला एच त्याने आग्रहाने काढून टाकला होता. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला कमी जागेत मावावे म्हणून उभाच पुरले, आणि वरच्या शिळेवर तो एच पुन्हा कोरला.

हॉथॉर्नडेनचे ते घर आता लेखकांसाठी निवासस्थान आहे. जगभरातून लेखक तिथे राहून लिहायला येतात, आणि दिवसा कोणी कोणाशी बोलायचे नाही असा तिथला दंडक आहे. जॉन्सनला त्यांनी पहिल्याच सकाळी न्याहारीनंतर बाहेर काढले असते, आणि त्याने बूट घालता घालता यजमानाच्या कवितांतले दोष सांगितले असते.