दिवा लागतो, पाणी तापत नाही

मे महिन्यात नागपूरजवळच्या आमच्या वाडीला गिझर लागत नाही. गच्चीवरची काळी टाकीच गिझरचं काम करते. दुपारी नळाखाली हात धरला की चटका बसतो, आणि हुशार माणसं बंद गिझरमध्ये साठलेलं पाणी थंड म्हणून वापरतात. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर चढला होता. २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ वर उतरला. असल्या लहरी गावात गिझर बिघडतो तो मात्र नेमका थंडीत. खरं तर बिघाड होळीपासूनच आत बसलेला असेल, पण स्वेटरं निघेपर्यंत त्याची चौकशी करतो कोण?

‘पाणी गरमच नाही होऊन राह्यलं जी,’ एवढं जिन्यात बोलायचा अवकाश, की अर्धी बिल्डिंग वैद्य होते. एक म्हणतो कॉइल गेली, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट. तिसऱ्याच्या मते नवाच घ्या, नाही तरी जुनाच झाला. बंबाच्या काळी हे सुख नव्हतं. पऱ्हाट्या ओल्या असल्या तर धूर व्हायचा, विझल्या तर राख दिसायची. निदान अंगणातून व्हायचं. गिझर पांढऱ्या झाकणाआड गप्प असतो आणि वर लाल दिवा लावून सगळं ठीक असल्याचा आव आणतो. तो दिवा पुष्कळदा एवढंच सांगतो, की वीज दारापर्यंत आलेली आहे. पुढे कॉइलपर्यंत ती गेली की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. (असे दिवे सरकारी कचेऱ्यांतही पाहिलेत.)

आमच्या शेजारचे काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. ज्या कारखान्यात पिनाक रॉकेटचं काम होतं, तिथल्या माणसाने पंधरा लिटरच्या डब्याला भ्यावं असं काही नाही. पण आधी मेन स्विच बंद केल्याशिवाय ते झाकणाला हात लावत नाहीत. त्यांचा क्रम ठरलेला. पहिल्यांदा बाकीचे नळ पाहायचे. कारण गिझरमध्ये थंड पाणी खालून शिरतं आणि तेच वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. गच्चीवरची टाकी रिकामी असली, तर आत पाणी उकळत असूनही नळाला थेंब येत नाही. म्हणजे गरम पाणी आलं नाही की आधी थंड पाण्याची चौकशी करायची! मग कटआऊट. पाणी फाजील तापलं की हा वीज तोडतो. छोटं बटण दाबलं की पुन्हा जोडतो. पण तो वारंवार उडत असेल तर बटण दाबत बसायचं नाही, थर्मोस्टॅट तपासायचा.

बोअरिंगचं पाणी असलं तर कॉइल उघडून पाहावीच. तिच्यावर क्षारांचा जाड पांढरा थर चढलेला असतो. कॉइल आतल्या आत तापते, पाण्याला ऊब उशिरा पोचते, आणि एक दिवस ती बिचारी जळते.

आणि व्होल्टेज! २३० व्होल्टला दोन हजार वॅटची असलेली कॉइल १८० वर जेमतेम बाराशेची राहते. जे पाणी पंचवीसेक मिनिटांत तापलं असतं, त्याला चाळीसेक मिनिटं लागतात. आणि सकाळी सगळी वाडी एकदमच गिझर लावते.

काकांनी आमचा गिझर उघडला. कॉइल धड, थर्मोस्टॅट धड, कटआऊट जागेवर. मग त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर, नळाचं अठरावर, अंघोळीला हवं चाळीस. मिसळून होतं अठ्ठावीस लिटर, म्हणजे जेमतेम दीड बादली.

‘घरात माणसं किती?’

‘पाच.’

‘मंग गिझर चांगला आहे जी. पहिला नंबर कोणाचा असते, तेवढं पाहा.’

चिरंजीव त्या वेळी शेजारच्या बाथरूममधून टॉवेल मागत होते.