येऊन राहिलं

पुण्याकडे पाऊस येतो, फार तर ‘येतोय’. आमच्या वऱ्हाडात तो ‘येऊन राहिला’ असतो. येणं आणि राहणं ही दोन क्रियापदं आम्ही कधीकाळी एकाच दावणीला बांधून टाकली, ती पुन्हा सोडलीच नाहीत. त्यामुळे इकडे कुठलीही गोष्ट चटकन निघून जात नाही, आणि खरं सांगायचं तर चटकन येतही नाही. ती येऊन राहते. मी एसटीतून उतरून पिशवी सावरत दारात उभा राहतो, तरी ओट्यावरून मामा विचारतात, “काऊन बापू, येऊन रायला का?” समोर उभा असलेला माणूस अजून किती यायचा बाकी आहे, अशी मायेने चौकशी करणारं व्याकरण दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

गुरुकुंज मोझरीत, मामांच्या घरी, वेगवान इंटरनेट असंच बारा-तेरा वर्षं येऊन राहिलं होतं. देशभरातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची, असं ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत ठरलं, तेव्हा मुदत दोन वर्षांची होती. मामांनी ती बातमी पंचांगात घडी घालून ठेवली. पुढे २०१५ साली योजनेचं नाव ‘भारतनेट’ झालं, २०१७ च्या डिसेंबरात लाखभर पंचायती जोडून झाल्याची बातमी आली, ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेला एक लाख एकोणचाळीस हजार कोटी मंजूर झाले. पंचांगं बदलत गेली, कात्रणं तीच राहिली. घरात वातावरण असं, की वरात वेशीवर आली आहे, वाजंत्री ऐकू येते, पण नवरदेव काही मांडवापर्यंत पोचत नाही. आणि ओवाळणारीच्या ताटातल्या निरांजनात मधूनमधून तेल घालावं लागतं आहे. त्यातच याच जिल्ह्यातलं, मेळघाटातलं हरिसाल २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मामांना आनंद झाला, पण धाकट्या भावाचं लग्न आधी उरकल्यावर थोरल्याला होतो तसा.

तोवर घरातला संपर्क गच्चीच्या एका कोपऱ्यात राहत होता. पाण्याच्या टाकीला पाठ टेकून, तोंड तिवशाकडे करून, डावा हात किंचित वर धरला की मोबाइलवर दोन रेघा उमटत. पुण्याला दिलेल्या लेकीशी मामी तिथूनच बोलायची. बोलायची म्हणजे ओरडायची, कारण पुणे लांब आहे ही गोष्ट तिने मनातून कधी काढलीच नाही. परिणामी लेकीच्या सासूचा गुडघा, जावयाची बदली, नातवाचे दात ही सगळी माहिती आमच्या घराआधी शेजारच्या तीन घरांत पोचे. एका अर्थाने तेही ब्रॉडबँडच होतं. चित्र दिसावं म्हणून कधी व्हिडिओ लावलाच तर पडद्यावर ते छोटं वर्तुळ फिरू लागे. डोळ्यांना झापडं बांधलेला घाण्याचा बैल जसा दिवसभर चालून तिथल्या तिथेच असतो, तसं. मामी त्या वर्तुळाकडे बघत बसायची. तिला वाटे, आत कुणीतरी काम करून राहिलं आहे. त्याला घाई करणं बरं नव्हे.

वेगाचं आणि आमच्या मुलखाचं नातं तसं जुनं, आणि सलोख्याचं. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला ही आमची लाडकी गाडी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. पाऊणशे किलोमीटरला ती सुमारे चार तास घ्यायची. गाडी आता बंद आहे, पण लहानपणी तिच्या खिडकीतून पाहिलेलं पळसाचं झाड मला अजून फांदीन् फांदी आठवतं. आगगाडीतून झाडाची अशी नीट ओळख व्हावी, हे सुख पुढच्या वेगवान गाड्यांनी कुणाला दिलं नाही.

आणि मग मागच्या वर्षी, श्रावणातल्या एका दुपारी, नवरदेव खरोखरच दारात आला. जोडणीवाला पोरगा विशी-बाविशीचा, पाठीवर पिशवी आणि खांद्यावर काळ्या तारेचं वेटोळं. कडुनिंबाच्या फांदीवरून, गोठ्याच्या कडेने त्याने तार ओट्यापर्यंत आणली आणि डब्याएवढं एक यंत्र मांडून बसला. तारेचं काळं साल सोललं, आतलं पांढरं सोललं, त्याच्याही आत केसासारखी बारीक काच. उजेड पळतो तो त्या काचेच्याही गाभ्यातून, आणि तो गाभा आपल्या केसाहून कितीतरी बारीक. पोराने काच स्पिरिटने पुसली, टोक अगदी सरळ कापलं आणि दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं मोठी होऊन दिसू लागली. लाजत, थबकत एकमेकांजवळ सरकली. बारीकशी ठिणगी उडाली आणि दोघांची एक काच झाली. मामी सुईत दोरा ओवताना धरते तसा श्वास धरून बघत होती.

“झालं का बाबू?”

“झालं ना मावशी. लॉस शून्य पॉइंट शून्य दोन.”

“म्हंजे काय?”

“जोडावर थोडासा उजेड वाया जाते. तेवढं नुकसान.”

मामी विचारात पडली. मग म्हणाली, “एवढंच? मंग तं बाबू, तुह्या धंद्यात लय बरकत हाये. आमच्या कपाशीत एवढं कमी नुकसान मी काई पाह्यलं नाई.”

पोराने दिवे लुकलुकणारी पांढरी डबी कोनाड्यात बसवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर क्रोशाचा रुमाल आला. या घरात रेडिओ आला तेव्हा त्याला रुमाल मिळाला, टीव्हीला झालरीचा मिळाला, फिरवायच्या तबकडीच्या फोनला तर फुलांचा. घरात आलेल्या पाहुण्याला उघडं ठेवू नये, एवढाच त्यामागचा विचार. डबी गरम होते, असं मी सांगून पाहिलं. “आपल्या उन्हाळ्यात राह्यचं हाये तिले,” मामी म्हणाली, “सवय होऊ दे.”

काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मोझरी ते पुणे सहाशेवर किलोमीटर. म्हणजे मामीची हाक लेकीपर्यंत पोचायला पापणी लवण्याइतकाही वेळ नको. मला वाटलं, आता या दोघी किती बोलतील! झालं उलटंच. गच्चीवर तीन मिनिटांत जगभरचं सांगून टाकणारी मामी आता फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि तुरीच्या शेंगा सोलत बसते. तिकडे लेक कणीक मळते. अर्धा अर्धा तास दोघी काहीच बोलत नाहीत. मधेच लेक म्हणते, “आई, दिसतेय ना मी?” आठ वर्षांत तिचं बोलणं पुण्याचं झालं आहे. ‘दिसतेय’ म्हटलं की मामी नुसती मान हलवते, परक्या घरचं पक्वान्न चाखल्यासारखी. एवढी वेगवान तार, आणि तिच्यातून इकडून तिकडे जातं काय, तर शेंगा फुटल्याचा आवाज.

पण गप्प राहून सोबत करणं या गावाला नवं नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला. त्यांची खंजिरी साऱ्या देशाने ऐकली, १९५५ साली ती जपानच्या विश्वधर्म परिषदेतही पोचली. १९६८ च्या ऑक्टोबरात ते गेले. दर आश्विनात त्यांच्या पुण्यतिथीला इथे लाखोंची गर्दी लोटते. एवढ्या खंजिऱ्या, एवढी भजनं, एवढे भोंगे. आणि बरोबर चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सगळं एकदम थांबतं. मौन. फुगेवाल्याचे फुगेसुद्धा तेवढा वेळ जपून हलतात.

गेल्या पुण्यतिथीला मामीचा गुडघा आखडला होता. मामा आश्रमात गेले, मी तिच्यापाशी ओट्यावर राहिलो. फोन तांब्याला टेकलेला, पडद्यावर लेक. दुरून भोंग्यांवर भजन येत होतं, ते थांबलं. मामी खांबाला धरून उभी राहिली, डोळे मिटले. पडद्यावर लेकही ओट्यापाशी हात जोडून उभी दिसली, अगदी निश्चल. इतकी निश्चल, की मला शंका आली, नेट अडकलं की काय. आजच्या गर्दीत हे व्हायचंच, असं मनाशी म्हणत मी फोनकडे वाकलो. तेवढ्यात तिच्या मागचा पडदा वाऱ्याने हलला. कुकरच्या शिटीखालून वाफेची एक रेघ वर गेली. लेक होती. जागच्या जागी, पूर्ण वेळ.

भोंगे पुन्हा सुरू झाले. मामीने डोळे उघडून फोनकडे पाहिलं. लेक पदराने नाक पुसत होती, आणि तिच्या तोंडून शब्द आले ते कणीक मळतानाचे नव्हते.

“आई, दिसून रायली का मी?”

“दिसून रायली ना माय,” मामी म्हणाली, आणि शेंगांची परडी पुढे ओढली.