माझा सायकस

शीव कोळीवाड्यात खिडकीच्या जाळीत तुळस आणि कोरफड सोडून तिसरं काही लावणारा माणूस शेजाऱ्यांच्या लेखी वनस्पतिशास्त्रज्ञ ठरतो. मी ही पदवी एका कुंडीत मिळवली. रोपवाल्याने ‘सागो पाम’ म्हणून गळ्यात मारलेलं झाड पाम नव्हे, हे मला पुस्तकातून कळलं आणि इमारतीत कुणाचीच सुटका राहिली नाही. “पात्याला मधोमध एकच शीर, कडा खाली मुडपलेल्या, म्हणजे सायकस रेव्होल्युटा, जपानचा. मधली शीर नाही, नुसत्या समांतर शिरा, पातं पुठ्ठ्याइतकं जाड, तर मेक्सिकोचा झामिया. दोघांचे पूर्वज डायनोसॉरच्याही आधीचे!” दूधवाल्याचं दूध या शिरेपायी दोनदा नासता नासता राहिलं.

समोरच्या मावशींनी ‘सागो’ ऐकून एवढंच विचारलं, “साबुदाणा कधी निघणार?”

आपला उपासाचा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडच्या टॅपिओकाच्या कंदाचा, आणि सायकसच्या बिया तर विषारी, कुत्र्याचा जीव घेणाऱ्या, असं मी सांगितलं. तेव्हापासून त्यांचा नातू माझ्या दाराकडे फिरकत नाही.

पाणी न धरणारी माती, भरपूर ऊन आणि माती सुकल्यावरच पाणी, एवढ्यावर सायकस खूश असतो. पण पानांचा फेर वर्षाकाठी साधारण एकदाच येतो, आणि मला घाई. मावशींच्या सल्ल्याने कोळंबी धुतलेलं पाणी घालू लागलो. कोळंबी कोळीवाडा ज्या वस्तीतून देशभर गेली, तिथल्या मांजरांना हे कळायला कितीसा वेळ लागणार! सकाळी कुंडी उकरलेली, आणि मातीशी पोवळ्याच्या आकाराचे गाठाळ झुबके उघडे पडलेले. रोग समजून मी ते कात्रीने छाटले, वर हळद लावली. त्या मुळांतलं नील-हरित शैवाल हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतं, हे नंतर वाचलं. म्हणजे झाडाचा घरचा खत-कारखाना मी बंद पाडला आणि वरून कोळंबीचं धुवण पाजलं.

तरीही पावसाळ्यात कोवळी, गुंडाळलेली पानं फुटली. मागोमाग निळसर फुलपाखरं आली. फोटो काढून मी सगळ्यांना पाठवले. प्लेन्स क्युपिड नावाची ही मंडळी सायकसच्या कोवळ्या पानांवर अंडी घालायला येतात. अळ्यांनी फेराचा फडशा पाडायला घेतला. भोवती मुंग्या दिसल्या तेव्हा त्या अळ्यांना खातील म्हणून मी कुंडीत साखर पेरून त्यांची कुमक वाढवली. मुंग्या अळ्यांच्या अंगचा गोड रस पिऊन उलट त्यांची राखण करत होत्या.

पानांचे नुसते दांडे उरले. मुंग्या मात्र जाळीवरून खालच्या मजल्यावर उतरल्या, आणि इमारतीच्या सभेत “ही साखर कोण टाकतंय?” असा प्रश्न आला, तेव्हा मी मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी वाचत होतो.