किती नव्हे, कधी

स्वीडिश माणूस मध्यममार्गी असतो, असं जगभर सांगितलं जातं. आणि तो बिचारा ते खोडूनही काढत नाही, कारण त्यासाठी आवाज चढवावा लागतो. १८१४ नंतर या देशाने कुणाशी युद्ध पुकारलेलं नाही, आयकियाच्या कपाटाला नक्षी नसते आणि तिथल्या बसथांब्यावर दोघांच्या मध्ये आणखी दोघे मावतील एवढी जागा सुटलेली असते. एवढ्या पुराव्यावर कुठलंही कोर्ट संयमाचं प्रमाणपत्र देऊन मोकळं होईल. माझ्या मते मात्र ते परत घ्यायला हवं. अति करण्यात स्वीडिश माणूस कुणाला हार जाणार नाही. फक्त तो तारीख पाहून अति करतो. 'किती' याची त्याला फिकीर नसते, 'कधी' याची असते.

सेमला घ्या. वेलदोडा घातलेला मऊ बन. त्याची टोपी कापायची, गर कोरायचा, तो दूध आणि बदामाच्या गोळ्याबरोबर कालवून परत आत भरायचा, वर फेटलेल्या क्रीमचा डोंगर रचायचा, टोपी ठेवायची आणि पिठीसाखर भुरभुरायची. नाकाला क्रीम न लावता हा पदार्थ खाऊन दाखवणारा अजून जन्मायचाय. तो मूळचा ईस्टरपूर्व उपवासाच्या आदल्या मंगळवारचा. राजा अडॉल्फ फ्रेडरिकने शेवंड, कॅव्हिआर, आंबवलेला कोबी, मासे आणि शॅम्पेन यांच्यावर गरम दुधातला सेमला हाणला आणि त्याच दिवशी देह ठेवला. तारीख होती १२ फेब्रुवारी १७७१, म्हणजे नेमका तोच मंगळवार. राजेसाहेबांचं 'किती' चुकलं. 'कधी' अचूक होतं.

मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांनाही हाच न्याय. १९४०च्या दशकात लुंडच्या विपेहोल्म रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना, त्यांच्या संमतीचा विचारही न करता, चिकट टॉफ्या चारून दातांची कीड अभ्यासली गेली. प्रयोग लाजिरवाणा होता. निष्कर्ष असा निघाला, की साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याने दात जास्त बिघडतात. मग 'गोड फक्त शनिवारी' हा सल्ला घरोघरी रुजला. त्यामुळे शनिवारी दुकानात खुल्या डब्यांपुढे छोटं फावडं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं कागदी पिशव्या भरत असतात. इमारतीच्या सामाईक धुलाईघरातही तेच: आठवड्याचे सगळे कपडे आणा, पण आपल्या राखीव वेळेत. पुढच्याच्या वेळेत दहा मिनिटं घुसलात, तर कुणी भांडायला येत नाही. दारावर फक्त एक चिठ्ठी चिकटते. तिची भाषा सभ्य असते आणि उद्गारचिन्हं नसतात.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा कायद्याचा धाक. तसं असतं, तर कायदा जाताच शिस्तही गेली असती. नद्या-तळ्यांतले क्रेफिश ऑगस्टपूर्वी पकडायला पूर्वी बंदी होती. आज गोठवलेले, आयात केलेले क्रेफिश बारा महिने मिळतात. तरी कागदी टोप्या घालून, गळ्यात लाळेरं बांधून, पेल्यागणिक गाणी म्हणत ते चोखायचे ते ऑगस्टातच. दुसरा आक्षेप: हा व्यापाऱ्यांचा डाव आहे. आहेच. ४ ऑक्टोबरचा दालचिनी-बन दिवस घरगुती बेकिंगच्या प्रसारासाठी १९९९ साली काढला गेला आणि सेमला हल्ली नाताळ सरताच दुकानात येतो. पण व्यापाऱ्याला बन खपवायला तारीख शोधावी लागली, यातच सगळं आलं. आणि सेमला लवकर आला म्हणून दर जानेवारीत कुरकुर होते. ती करणारे एका हाताने सेमला खात असतात, हा भाग वेगळा. तिसरा आक्षेप घरचा: होळीला पुरणपोळी आपणही करतोच की! करतो, पण श्रावणात पुन्हा केली, तर शेजारी कुरकुर करत नाहीत, वास घेत येतात.

मुळात दोष माणसांचा नाही, तिथल्या सूर्याचा आहे. उत्तरेकडच्या किरुना शहरात तो डिसेंबरात कित्येक दिवस उगवत नाही आणि जूनमध्ये कित्येक दिवस मावळत नाही. मध्यममार्ग त्यालाच ठाऊक नाही. तारखा मात्र चोख पाळतो. प्रजेने त्याचाच कित्ता गिरवला आणि मग त्याच्यावरच कडी केली: १९५३ पासून मिडसमरचा, म्हणजे भर उन्हाळ्याचा, सण शनिवारी आणि त्याची खरी धमाल आदल्या शुक्रवारी, अशी सोय करण्यात आली, म्हणजे सुट्टी जोडून मिळते. त्या शुक्रवारी एरवी लिफ्टमध्ये नजर चुकवणारे हिशेबनीस पानाफुलांनी मढवलेल्या खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारतात. वाटेल तेव्हा उड्या मारायच्या म्हटल्या, तर त्यांनी जन्मात मारल्या नसत्या. वेळापत्रक उत्स्फूर्तता मारतं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे: लाजाळू माणसाला वेड लागायलाही परवानगी लागते आणि तारीख ती देते.

बेशिस्तीचंही तसंच. येव्ले शहरात १९६६ पासून नाताळाआधी पेंढ्याचा भलाथोरला बोकड उभारतात आणि कुणीतरी येऊन तो जाळतं. हा गुन्हा आहे, पहारा असतो, कॅमेरे असतात; तरी कित्येकदा तो जळालाय. कायदा धाब्यावर बसवणारा हा स्वीडनमधला सर्वांत बेफाम इसम, पण तोही हंगाम पाळतो.