दुतर्फी गृहस्थ

ज्या कचेरीत यंत्रे प्रथम संगणकात घडवून संगणकातच जाळून पाहण्याची वहिवाट आहे, तेथल्या मंडळींस या गृहस्थांची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. आणि आमच्या चिंचवडच्या कारखान्यात ज्यांना लहानथोर सारे 'पंत' म्हणत, ते तर या जातीचा अर्कच होते. चुंबकखात्याच्या प्रतिमानातून निघालेली राशी उष्णताखात्याच्या प्रतिमानात, योग्य नावाने आणि योग्य एककात, नेऊन बसवायची, एवढाच त्यांचा पेशा. परंतु त्या पेशाने त्यांच्या जिभेवर जो एक प्रश्न कायमचा मुकरर करून ठेवला होता, त्यापासून सुटका म्हणून कोणाची नव्हती. शेजारच्या चिरंजीवांना मुलगी पसंत पडल्याची गोड बातमी घेऊन कोणी आले, की पेढा तोंडात टाकण्यापूर्वी पंत विचारीत, "एकतर्फी की दुतर्फी?" साहेबांनी बढतीचे आश्वासन दिले म्हणून मी हर्षभराने सांगावयास गेलो, तेव्हाही तेच.

त्यांची कैफियत, हिशेबखात्यातल्या माझ्यासारख्यास जेवढी कळली तेवढी, अशी : मोटारीच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की तांबे तापते, तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशास सुमारे ०.३९ टक्के वाढतो. रोध वाढला की तेवढ्याच प्रवाहाला उष्णता अधिक. म्हणून २० अंशांवर मांडलेला हिशेब १२० अंशांवरच्या वेटोळ्यास तसाच लावला, तर प्रत्यक्षातला तोटा कागदावरच्यापेक्षा ३९ टक्के अधिक निघतो. तेव्हा चुंबकवाल्यांनी तोटा कळवून हात झटकणे ही एकतर्फी जोडणी. उष्णतावाल्यांनी तापमान उलट टपाली कळवावे, त्यावरून तोटा पुन्हा काढावा, आणि दोन्ही आकडे हलेनासे होईपर्यंत ही ये-जा चालू ठेवावी, ही दुतर्फी.

आकडे हेलकावे खाऊ लागले, तर नव्या आकड्याने सुचवलेला फरक निम्माच मान्य करावा, असाही एक तोडगा या शास्त्रात आहे, आणि पंतांनी तो घरीही अमलात आणला होता. "अहो, दोन किलो बटाटे आणा," म्हटले की ते एक किलो आणीत, दुसऱ्या दिवशी उरलेल्याच्या निम्मे, तिसऱ्या दिवशी त्याच्याही निम्मे. या हिशेबाने दोन किलोंच्या अगदी जवळ जाता येते, पोचता मात्र येत नाही, हे काकूंनी त्यांना कोणत्या शब्दांत समजावले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

मुंजीच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसण्याचा योग आला, तर १९९९ साली मंगळापाशी हरपलेल्या अमेरिकी यानाची कथा चुकत नसे. एका आज्ञावलीने आवेग पाउंड-सेकंदांत दिला, दुसरीने तो न्यूटन-सेकंद समजून घेतला, दोहोंत सुमारे ४.४५ पटींची तफावत, आणि यान गेले! पंतांचा आवाज येथे असा दाटून येई, की यजमानांना काही कौटुंबिक दुःख असावे असे वाटून ते जिलबीचा आग्रह करीत.

पण हेही नमूद केले पाहिजे, आणि करताना जरा जड जाते, की पंत कावीळ होऊन अंथरुणाला खिळले त्या महिन्यात दोन्ही खात्यांनी एकतर्फी कारभार केला, कागदावर मोटार गारच राहिली, आणि चाचणीच्या टेबलावर १५५ अंशांपर्यंत टिकणाऱ्या आवरणाचा करपट वास माझ्या हिशेबखात्यापर्यंत आला. शिवाय दोन मजल्यांवरचे ते दोन खातेप्रमुख, जुन्या बेबनावामुळे, एकमेकांशी बोलत नसत. तापमान आणि तोटा यांच्याबरोबरच कोणाचे गुडघे दुखतात, कोणाचा मुलगा नापास झाला, हेही पंतच जिना चढून-उतरून पोचवीत, आणि ही जोडणी निखालस दुतर्फी होती.

त्यांच्या निवृत्तीनंतर ते काम संगणकप्रणालीकडे सोपवले गेले. एकके ती स्वतः जुळवते, ये-जा तिची निमिषार्धात होते, चूक म्हणून निघत नाही. उष्णतावाल्या साहेबांच्या कन्येचे लग्न ठरल्याचे मात्र चुंबकवाल्या साहेबांना लग्न लागून गेल्यावर, आणि तेही माझ्याकडे आहेराच्या वर्गणीची पावती पाहून, कळले.